गाण्यात न ऐकू आलेली गाडी

'दिल से' १९९८ साली आला आणि निलगिरीची गाडी घरोघरी पोचली. मणिरत्नमचं दिग्दर्शन, संतोष सिवनचा कॅमेरा, फराह खानची नृत्यरचना आणि गाण्यात गाडीच्या टपावर नाचणारे शाहरुख आणि मलायका. त्या गाण्यात गाडी भरपूर दिसते, पण ऐकू येत नाही. संगीतकार रहमानच्या ठेक्याखाली तिचा आवाज पार झाकला गेला आहे. मला ती गाडी ऐकायची होती. माझ्या आत्याला केत्तीचं स्टेशन बघायचं होतं, 'सदमा'चा शेवट जिथे चित्रित झाला ते. दोघींच्या दोन हट्टांमधून हा प्रवास ठरला.

पुण्याहून कोइम्बतूर आणि तिथून मेट्टुपालयम, जिथून ही गाडी सुटते. दिवस थंडीचे निवडले, कारण तमिळनाडूत ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस जोराचा असतो, घाटात दरडी येतात आणि गाडी बंद ठेवावी लागते. आरक्षण फार आधी करावं लागतं. डबे मोजकेच, आणि त्यात बसायची इच्छा असलेले लोक पुष्कळ.

सकाळी सातच्या सुमाराला फलाटावर निळ्या-पिवळसर रंगाचे लाकडी डबे उभे होते. आत्या सवयीने पुढे बघायला गेली आणि तशीच परत आली. "अगं, पुढे इंजिनच नाही!" इंजिन होतं ते मागच्या टोकाला. ही गाडी ओढली जात नाही, ढकलली जाते. इंजिन कायम उताराच्या बाजूला असतं, म्हणजे काही बिनसलंच तर डबे खाली निसटायला वाट राहत नाही. म्हणून वर जाताना सगळ्यात पुढच्या डब्यातल्या लोकांसमोर इंजिन नाही, धूर नाही, नुसता डोंगर असतो. मी मात्र मागचा डबा धरला. मला इंजिनाजवळ बसायचं होतं.

गाडी सुटली, भवानी नदी ओलांडली आणि सुपारीच्या बागांमधून कल्लारला आली. इथवर ती इतर कुठल्याही गाडीसारखी चालते. कल्लारच्या पुढे रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते. खरं तर एक नाही, दोन पट्ट्या, एकमेकींना चिकटून. एकीचे दात दुसरीच्या खाचांसमोर येतील अशा बसवलेल्या, म्हणजे इंजिनाखालच्या दातेरी चाकाची पकड कधी सुटत नाही. ही रचना रोमन आब्ट या स्विस अभियंत्याची. भारतात ती एवढ्या एकाच मार्गावर आहे. चढ आहे साधारण सव्वाबारा फुटांमागे एक फूट. नुसत्या लोखंडी चाकांनी लोखंडी रुळांवर हा चढ चढायचा म्हटलं तर चाकं जागच्या जागी फिरत राहतील.

पट्टीवर येताना गाडी अगदी हळू झाली. पायाखालून एक खडखड आली, मग ती खडखड एका लयीत बसली, आणि इंजिनाचा श्वासच बदलला. या इंजिनाला चार सिलिंडर. सपाटीला त्यातले दोनच चालतात. पट्टी लागली की त्या दोन्हींतून काम करून बाहेर पडलेली वाफ वरच्या दुसऱ्या दोन सिलिंडरांत जाते आणि तिथे दातेरी चाकं फिरवते. एकच वाफ दोनदा राबते. बाहेर उभं राहून बघितलं तर हे दोन वेगळे दांडे वेगवेगळ्या गतीने मागेपुढे होताना दिसतात. डब्यात बसल्यावर ते कानांना कळतं. एक जड, सावकाश हुंकार आणि त्याच्या आत विणलेला दुसरा, घाईचा. तासाला तेरा-एक किलोमीटरच्या वेगात हे ऐकायला वेळच वेळ असतो.

प्रत्येक डब्याच्या पुढच्या टोकाला एक उघडा ओटा आहे आणि त्यावर एक ब्रेकमन उभा असतो. आमच्या डब्याचा ब्रेकमन मध्यमवयीन होता, थोडं हिंदी बोलायचा. हातात हिरवं आणि तांबडं निशाण. इंजिन मागे असल्यामुळे ड्रायव्हरला पुढचा रूळ दिसत नाही. पुढचा माणूस निशाण दाखवतो, त्याच्या मागचा ते बघून तेच दाखवतो, आणि असं ते डब्यामागून डबा करत ड्रायव्हरपर्यंत पोचतं. आमच्या ब्रेकमनला विचारलं, "भाऊ, सारखं उभं राहून पाय दुखत नाहीत?" तो म्हणाला, "रुळावर दगड आहे का, हत्ती आहे का, बघायला पाहिजे. बसलो तर दिसणार नाही." हे सांगताना त्याची नजर रुळावरून हलली नाही.

डेव्हिड लीनने १९८४ साली 'अ पॅसेज टू इंडिया' केला तेव्हाही ही गाडी पडद्यावर आली. त्यात व्हिक्टर बॅनर्जी चालत्या डब्याच्या बाहेर लोंबकळतो आणि खाली दरी असते. घाटातल्या पुलांपैकी एकावरून जाताना मी खिडकीतून खाली पाहिलं. झाडांचे शेंडे पायाखाली होते. चित्रपटात ही गाडी मराबारच्या गुहांकडे जाते. त्या गुहांचं चित्रीकरण झालं ते मात्र बंगळुरूजवळच्या सावनदुर्ग आणि रामनगरच्या खडकांत.

हिलग्रोव्हला गाडी पाणी घ्यायला थांबली. सगळे उतरले. वडे, चहा, माकडं, फोटो. मी इंजिनाजवळ गेले. बॉयलरची धग हातभर अंतरावरूनही गालांना लागत होती. तापलेल्या तेलाचा आणि ओल्या वाफेचा वास अंगावर येत होता. वरून टाकीत पाणी पडत होतं आणि खाली एकजण लांब नळीच्या तेलदाणीने सांध्या-सांध्यात तेल सोडत होता. प्रत्येक सांध्याला तो आधी बोटाने स्पर्श करायचा, कुठे जास्त तापला आहे का ते बघायचा, मग तेल. आत्या शेजारी येऊन उभी राहिली. लहानपणी ती वाफेच्या इंजिनामागे बसून नेरळहून माथेरानला गेली होती. तो लोहमार्ग दोन फूट रुंदीचा, नुसत्या वळणांवर वळणं घेत वर जाणारा, त्याला दातेरी पट्टी नाही. "तिथला वास असाच होता," ती म्हणाली. त्या वासासाठी तिला चाळीसेक वर्षं थांबावं लागलं होतं.

या मार्गाची कल्पना १८५४ सालची. मेट्टुपालयम ते कुन्नूर गाडी धावली १८९९ मध्ये आणि उटीपर्यंतचं काम पुरं व्हायला १९०८ उजाडलं. सुमारे ४६ किलोमीटरमध्ये २०८ वळणं, १६ बोगदे, २५० पूल, आणि समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवरून २२०३ मीटरवर चढाई. २००५ साली युनेस्कोने दार्जिलिंगच्या गाडीच्या जोडीला हिलाही जागतिक वारशात घेतलं. गाडीत बसल्यावर हे आकडे अंगावरून जातात. बोगदा आला की अख्खा डबा ओरडतो, वळण आलं की स्वतःच्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात.

कुन्नूरला दातेरी पट्टी संपते. वाफेचं इंजिन काढून डिझेलचं जोडतात आणि गाडी वेगळीच होते. चहाचे मळे, वेलिंग्टन, अरवंकाडू, आणि मग केत्ती.

'सदमा' १९८३चा. त्याच्या वर्षभर आधी तोच चित्रपट तमिळमध्ये 'मूंड्रम पिरै' म्हणून आला होता. दोन्ही बालू महेंद्र यांचे, दोन्हींत कमल हासन आणि श्रीदेवी. शेवटी स्मृती परत आलेली नायिका गाडीत बसली आहे. तिला सांभाळणारा तो चिखलाने माखून, लंगडत फलाटावर आला आहे आणि ती ओळखेल या आशेने माकडासारख्या उड्या मारतो आहे. तिला तो कोणी वेडा भिकारी वाटतो. गाडी सुटते. माझ्या आत्याच्या पिढीतल्या कितीजणी हे बघून डोळे सुजवून घरी गेल्या असतील!

गाडी थोडा वेळ थांबली. स्टेशन एवढंसं, स्वच्छ, फुलझाडं लावलेलं. पाऊस नव्हता, लख्ख ऊन होतं. आत्या फलाटावर उतरून उभी राहिली आणि तिने पाठ फिरवून समोरची दरी बघितली. पायऱ्या-पायऱ्यांची गाजराची आणि कोबीची शेतं, बडगा लोकांची लालसर कौलांची गावं, पार खालपर्यंत. "चित्रपटात मला फक्त तोच दिसला गं," ती म्हणाली. "ही एवढी दरी इथे होती, हे मला कधी कळलंच नाही."

आत्याचं हे वाक्य पुढचे सगळे दिवस माझ्याबरोबर राहिलं. कारण उटीत पडद्यावरच्या जागा शोधत फिरलं की हेच परत परत जाणवतं. 'रोजा'मधलं काश्मीर बरंचसं इथल्याच डोंगरांत उभं केलं गेलं, कारण खऱ्या काश्मीरमध्ये तेव्हा चित्रीकरण करण्यासारखी परिस्थिती नव्हती. उटीहून पायकाऱ्याकडे जाताना सहाव्या आणि नवव्या मैलाला गवताचे मोकळे माळ लागतात. तिथे गाणी इतकी चित्रित झाली की त्यांची ओळखच शूटिंगची जागा अशी झाली आहे. घोडे, भाजलेली कणसं, रिक्षावाल्यांकडून ऐकायला मिळणारी नटनट्यांची यादी. पडद्यावर हे माळ कुणाचेच नसतात. वेळप्रसंगी ते परदेशही होतात.

पण हे माळ कुणाचे तरी आहेत. निलगिरीच्या माथ्यावर मूळचं दृश्य असंच होतं. उतारांवर गवत आणि दोन टेकड्यांच्या बेचक्यांत दाट, बुटकं शोला जंगल. पावसाचं पाणी हे गवत आणि ती जंगलं धरून ठेवतात आणि ओढ्यांना वर्षभर पुरवतात. तोडा लोकांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या या गवतावर चरल्या. गाण्यांत सुंदर दिसणारी पाइनची सरळसोट रांग, तो निलगिरी वृक्ष, ते वॉटल, हे सगळं बाहेरून आणून लावलेलं. त्या लागवडीखाली बराच माळ गेला. एका तोडा वस्तीत आम्ही अर्धगोल छपराचं, वेत आणि गवताने बांधलेलं देऊळ लांबून पाहिलं. जवळच एक बाई पांढऱ्या जाड कापडावर लाल-काळ्या धाग्याने भरतकाम करत बसली होती. कापडावर नक्षी आखलेली नव्हती. ती धागे मोजून टाका घालत होती. आत्याने स्वतः आयुष्यभर विणकाम केलेलं. ती तिच्याजवळ बसली आणि एकमेकींची भाषा येत नसतानाही दोघी बराच वेळ कापडावर बोटं ठेवून बोलत राहिल्या.

परतीच्या वाटेवर कुन्नूरला थांबलो. स्टेशनला लागूनच इंजिनांची शेड आहे. तिथे एक इंजिन दुरुस्तीला उघडं ठेवलं होतं आणि एक कारागीर त्याचं दातेरी चाक बघत होता. एकेका दातावरून अंगठा फिरवून झीज तपासणं चाललं होतं. जुनी इंजिनं स्वित्झर्लंडमध्ये विंटरथुरला बनली. पण त्याच धाटणीची नवी इंजिनं याच शतकात तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्यात बांधली गेली आहेत. वाफेचं दातेरी इंजिन आज नव्याने बांधायचं म्हणजे बाजारात काही तयार मिळत नाही, जवळजवळ सगळं हातानेच घडवावं लागतं. ते ज्यांना येतं अशी माणसं आपल्याकडे आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

वारसा म्हणजे जुनी वस्तू जपून ठेवणं, असं आपण समजतो. या डोंगरावर मला तो रोजच्या कामात दिसला. निशाण धरून उभा राहिलेला ब्रेकमन, बोटाने सांधा चाचपणारा तेलवाला, दात तपासणारा कारागीर, धागे मोजणारी बाई. चित्रपटांनी या जागांवर आपलं प्रेम जडवलं, त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. पण चौकटीत गोष्ट मावावी म्हणून बाकीचं सगळं त्यांना मागे ढकलावं लागतं. ते मागे ढकललेलं बघायला स्वतः जावं लागतं. तुम्ही गेलात तर जाताना आवडतं गाणं जरूर ऐका. कल्लार आलं की मात्र कानातून ते काढा आणि शक्य तर मागच्या डब्यात बसा.