टेलिफोन स्वस्त, आगगाडी महाग

भाच्याच्या आग्रहामुळे आयन रँडच्या ‘अ‍ॅटलास श्रग्ड’वरचे तिन्ही चित्रपट मी लागोपाठ तीन रात्री बसून पाहिले. भाचा लग्नाचं शूटिंग करतो, नेरळपासून मुरबाडपर्यंत कामं घेतो. मुग्धा कर्णिक यांनी केलेला या कादंबरीचा मराठी अनुवाद त्याने गेल्या पावसाळ्यात वाचून काढला. तेव्हापासून त्याला कुणी ‘जरा दुकानात जाऊन ये’ म्हटलं तरी माणसाने स्वतःसाठी जगावं की दुसऱ्यासाठी, यावर तो बोलायला लागतो. पावसाळ्यात लग्नं नसतात, त्याचा हा परिणाम. आता त्याला पोशीरमध्ये पाच भागांची मालिका करायची आहे. कादंबरीवरची, राजकीय आणि ‘विचार असलेली’. पटकथा मामूने लिहायची.

रँड त्याला का भावली हे मला कळतं. पोशीर नदीवरच्या धरणाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली मंजुरी दिली, आणि तेव्हापासून चहाच्या टपरीवर जमीन, मोबदला, कोण घेणार, कोण देणार याशिवाय विषय नाही. सरकारने माणसाच्या कष्टाच्या वस्तूला हात लावू नये असं ठणकावून सांगणारी बाई अशा वेळी जवळची वाटणारच. पण रँडबाईंच्या कादंबरीत कुळं नाहीत, आदिवासी वाड्या नाहीत, आणि सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही असा कसणाराही नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘मामू, आधी पिक्चर बघा.’

बघितले. कादंबरी १९५७ची, अकराशेहून जास्त पानांची. एका उद्योगपतीने १९९२ साली तिचे हक्क घेतले आणि मग वर्षानुवर्षं काही जमेना. हक्क हातचे जायच्या बेतात आले तेव्हा जून २०१० मध्ये घाईघाईने चित्रीकरण सुरू केलं. पहिला भाग २०११ मध्ये आला, दुसरा २०१२ मध्ये, तिसरा २०१४ मध्ये. पहिल्यावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेतल्या तिकीटबारीवर पन्नास लाखही आले नाहीत. पुढच्या भागांची कमाई आणखी घसरली. प्रत्येक भागाला दिग्दर्शक नवा आणि नटसंच नवा. नायिका डॅग्नी टॅगर्ट तीन भागांत तीन वेगळ्या बायका. तिसऱ्या रात्री आपा मागे भाजी निवडत बसली होती. तिने विचारलं, ‘ही त्याची दुसरी बायको का?’

तिसऱ्या भागासाठी लोकांकडून ऑनलाइन वर्गणी काढली. साडेचार लाख डॉलरच्या आसपास जमले. दानधर्माला सद्गुण मानू नका म्हणणाऱ्या लेखिकेच्या चित्रपटासाठी वर्गणी! यावर तिथेही लोक खूप हसले. निर्मात्यांचं म्हणणं असं की ही देवघेव आहे, दान नाही. असेल.

पैसा कमी होता म्हणून चित्रपट पडले असं भाचा म्हणतो. मला अर्धंच पटतं. कादंबरीत रेल्वे आहे, नव्या धातूचे रूळ आहेत, पूल आहे, कारखाने आहेत. हे सगळं स्वस्तात दाखवायला गेलं की स्वस्त दिसतं. त्यात अमेरिकेत पुन्हा रेल्वेचं राज्य का आलं हे पटवण्यासाठी तेलाचे भाव कडाडल्याची कथा रचावी लागली. पण खरी अडचण वेगळीच आहे. या कादंबरीतली माणसं आपल्याला काय वाटतं ते पूर्ण वाक्यांत, न अडखळता सांगतात. शेवटाकडे जॉन गॉल्टचं रेडिओवरचं भाषण आहे, ते साठेक पानांचं. चित्रपटात ते काही मिनिटांत उरकलंय. छाटलं नसतं तर प्रेक्षक उठून गेले असते. छाटलं, तर ज्यासाठी कादंबरी लिहिली तेच गेलं. १९४९च्या ‘द फाऊंटनहेड’ची पटकथा रँडने स्वतः लिहिली होती आणि कोर्टातलं भाषण कापू न देण्यासाठी ती हट्टाला पेटली होती. तिला आपलं दुखणं बरोबर माहीत होतं.

मग मी भाच्याला ‘सिंहासन’ दाखवला.

आमच्या घरात या चित्रपटाला वेगळं स्थान आहे. लहानपणी दूरदर्शनवर तो लागला तेव्हा श्रेयनामावलीत ‘दिग्दर्शक जब्बार पटेल’ आलं आणि अब्बांनी मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर परत एकदा वाचलं. मराठी राज्याच्या मुख्यमंत्र्याची, अर्थमंत्र्याची, मंत्रालयाची गोष्ट सांगणारा माणूस आपल्या नावाचा आहे, ही गोष्ट त्यांना चित्रपटापेक्षा मोठी वाटली होती. पंढरपूरचा हा माणूस दौंडला मुलांचा डॉक्टर होता, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. विजय तेंडुलकरांनी त्या दोन्ही वितळवून एक पटकथा केली. चित्रपट १९७९चा, काळापांढरा. सुरुवातीलाच मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो की तुमच्याविरुद्ध कट शिजतोय. तेवढ्यावर सगळी यंत्रणा हलायला लागते. याला किती खर्च येतो? एक टेलिफोन, एक टेबल आणि अरुण सरनाईकांचा चेहरा. डॉ. लागूंचा अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे काय बोलतो यापेक्षा तो काय बोलत नाही त्याकडे आपलं लक्ष लागतं. साधूंची माणसं मनातलं लपवतात. कॅमेऱ्याला लपवणारा माणूस फार आवडतो. भाषण करणाऱ्यापुढे तो नुसता उभा राहतो.

मंत्रालयाचा सेट त्यांना उभारावा लागला नाही. खऱ्या मंत्रालयात चित्रीकरण झालं. शरद पवार मुख्यमंत्री होते आणि परवानगी मिळाली. सत्तेची लबाडी दाखवणाऱ्या चित्रपटाला सत्तेनेच जागा द्यावी, हे आज सांगितलं तर भाच्याच्या वयाच्या पोरांना खोटं वाटतं. आमच्याकडे सेटचं वेड जरा जास्तच आहे, कारण कर्जतजवळच नितीन देसाईंचा एन. डी. स्टुडिओ आहे. तालुक्यातली कितीतरी पोरं तिथे सुतारकाम, रंगकाम करून आली. किल्ले आणि राजवाडे उभे राहताना आम्ही पाहिले, आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये कर्जाच्या ओझ्याखालच्या त्या माणसाचा तिथेच झालेला शेवटही ऐकला. त्यानंतर भाचासुद्धा बजेट हा शब्द हळू आवाजात उच्चारतो.

दिगू टिपणीस हा पत्रकार तेंडुलकर-पटेलांनी डोळ्यासारखा वापरला. ‘सामना’त साखरसम्राट झालेले निळू फुले इथे खांद्याला झोळी लावून सगळीकडे जातात, सगळ्यांचं ऐकतात, आणि शेवटी त्यांना हसू आवरत नाही. कादंबरीतलं चिंतन कुणाच्याच तोंडी घातलेलं नाही. ते सगळं त्या हसण्यात मुरलंय.

भाचा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘आपल्याकडे मंत्रालय नाही. आपल्याकडे काय आहे?’

मला वाटतं हा खरा प्रश्न. आमच्याकडे पडवी आहे, विहीर आहे, एक मशीद, शेजारच्या आळीत देऊळ, मधला रस्ता आणि निवडणुका. मी कपाटातून हमीद दलवाईंचं ‘इंधन’ काढलं. १९६५ची कादंबरी. बऱ्याच वर्षांनी शहरातून कोकणातल्या आपल्या गावी परतलेला मुसलमान माणूस, आणि हळूहळू तापत जाणारं गाव. अब्बांनी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, पाहुण्यांना नाव दिसू नये म्हणून. दलवाईंनी १९६६ साली तलाकपीडित सात बायकांचा मोर्चा मुंबईत नेला, आणि त्यांचं नाव आमच्या बिरादरीत आजही लोक ठसका लागल्यासारखं घेतात. अब्बा त्यांच्याशी सगळ्या बाबतीत सहमत नव्हते. पुस्तक मात्र त्यांनी टाकून दिलं नाही.

‘इंधन’ स्वस्तात होईल. माणसं ओट्यावर बोलतात, घरात कुजबुजतात, मनात एक ठेवतात. महाग आहे ती जमावाची दृश्यं, पण जमाव आवाजाने दाखवता येतो. काळजी वेगळीच आहे. दलवाई कुणालाच सोडत नाहीत, मुसलमानांना नाही आणि हिंदूंनाही नाही. पुस्तक वाचणारा दोन्ही बाजू वाचतो, कारण तो पान उलटतो. मालिकेचे पाच भाग झाले की पाच तुकडे झाले. एका भागात आमच्या लोकांचा हेका दिसेल, तेवढाच तीस सेकंदांचा तुकडा कापून निवडणुकीत फिरवला जाईल. पुढच्या भागातलं उत्तर कुणी फिरवणार नाही. उलट बाजूनेही हेच होईल. आणि शिव्या खायला भाचा इथे पोशीरमध्येच असणार, मीही असणार.

म्हणून मी त्याला एक अट घातली आहे. भागांची विभागणी घटनांप्रमाणे करायची नाही. प्रत्येक प्रसंगात, शक्यतो एकाच फ्रेममध्ये, दोन्हीकडची माणसं असली पाहिजेत. बोलणारा एक, आणि मागे ऐकणारा दुसरा. कापायचं म्हटलं तरी ऐकणाऱ्याचा चेहरा त्या तुकड्यात येईल. त्याला हे तांत्रिकदृष्ट्या कटकटीचं वाटतं, कारण त्याच्याकडे एकच चांगली लेन्स आहे आणि ती नवरा-नवरीच्या चेहऱ्यासाठी घेतलेली.

दलवाई १९७७ साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या पश्चात साठ वर्षं हक्क चालतात, म्हणजे २०३७च्या अखेरीपर्यंत वारसांची परवानगी लागेल. तसं पत्र मी लिहून ठेवलंय. त्यात ‘तुकडे’ या मुद्द्यावर एक पूर्ण परिच्छेद आहे, तो भाच्याला फार लांब वाटतो. आपाने पडवी द्यायला होकार दिला आहे, मात्र शूटिंग जुम्म्याच्या दिवशी नको आणि पोरांनी चपला बाहेर काढायच्या. मोहल्ल्यातल्या दोन वडीलधाऱ्यांना पटकथा आधी वाचायला द्यावी असं तिचं म्हणणं. भाचा नको म्हणतो. मी पहिला भाग लिहायला घेतलाय, आणि तो त्यांना वाचून दाखवायचा माझा विचार पक्का होत चाललाय.