विमानातलं बिऱ्हाड

"आत बूट घालून नाही ना गेलीस?" बाबांचा पहिला प्रश्न हा! मी अमेरिकेतल्या एका जंगलात, बोईंग 727 च्या पंखावर उभी राहून त्यांना फोन करतेय, आणि यांना बुटांची पडलेली.

गोष्ट 2019 ची. मास कॉमची डिग्री नुकतीच हातात आली होती, नोकरीचा पत्ता नव्हता, म्हणून ऑरेगनमधल्या हिल्सबरोला मावसबहिणीकडे गेले होते. ती आणि भावजी दोघंही चिप डिझाईनवाले. इंटेलमुळे त्या गावात आपली मंडळी भरपूर. "आऊटलेट मॉल बघायचाय की जंगलातलं विमान?" ताईनं विचारलं. हा काय प्रश्न झाला?

उंच झाडांमधून गाडी वळली आणि समोर अख्खं विमान. काँक्रीटच्या खांबांवर टेकलेलं, दीडशे फुटांहून लांब, पंखांसकट. ब्रूस कॅम्पबेल या इंजिनीअरचं हे घर. त्यानं 1999 मध्ये ऑलिंपिक एअरवेजचं हे रिटायर झालेलं विमान एक लाख डॉलरला घेतलं. ग्रीक जहाजसम्राट ओनासिसचं पार्थिव 1975 मध्ये याच विमानातून नेलं होतं, असं सांगतात. ते अथेन्सहून हिल्सबरोच्या विमानतळापर्यंत उडत आलं. पुढे पंख आणि शेपटी काढून, रस्त्यानं ओढत जंगलात आणलं आणि परत जोडलं. सगळा खर्च 2 लाख 20 हजार डॉलर, म्हणजे 2019 च्या दरानं दीडेक कोटी रुपये. मुंबईत एवढ्यात काय येतं ते तुम्हाला माहीत आहेच.

शेपटीखालच्या जिन्यानं वर गेलो. बूट बाहेर, पायात स्लिपर. आतलं घर मात्र अजिबात 'लक्झरी' नाही, हे आधीच सांगते. झोपायला फ्युटॉन, स्वयंपाकाला मायक्रोवेव्ह नि टोस्टर, आंघोळीला स्वतः बनवलेला शॉवर. काही ठिकाणी जमिनीला पारदर्शक पत्रे. खाली वाकलं की वायरी, नळ्या, सांगाडा, सगळं दिसतं. ताई बोअर झाली. मी मात्र तिथेच उकिडवी बसले.

कारण आमचे बाबा आयुष्यभर हेच बघत आले. विमान कंपनीत मेंटेनन्सला होते. नाइट शिफ्ट करून आले की हातांना ग्रीसचा वास. आमचं घर म्हणजे कंपनीचं क्वार्टर. माझा जन्म तिथलाच. त्याच वर्षी मार्चमध्ये ते रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, आणि आम्ही डोंबिवलीत भाड्यानं आलो. आईनं तुळस आणली. बाबांनी टूलबॉक्स आणला, तो उघडलाच नाही. फ्लॅट बघायला चला म्हटलं की यांची कंबर दुखायची.

म्हणून तर पंखावरून फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते.

"727? मी कधी हात लावला नाही त्याला," बाबा म्हणाले. "तीन इंजिनांचं ते. इंजिनं आहेत का?"

"नाहीत. काढलीत."

"असं." थोडा वेळ काहीच नाही. मग, "रिव्हेट बघ बरं. कडेनं काळं आलंय का?"

मी पंखावर गुडघे टेकून रिव्हेट बघायला लागले. खालून ताई ओरडतेय, "अगं, काही हरवलं का?" काळं आलेलं नव्हतं. तसं सांगितलं. विमानांचा पत्रा इतका चिवट असतो, तो भंगारात घालणं म्हणजे पाप, असं बाबा म्हणाले. कॅम्पबेलचंही म्हणणं साधारण हेच. माझ्या बाबांना त्यानं विमान विकलं असतं का कोण जाणे.

"आत जागा किती?" बाबांनी विचारलं.

"1066 स्क्वेअर फूट."

"कार्पेट की बिल्टअप?"

मी हसायला लागले. बाबा मात्र सीरियस होते. म्हणाले, "हसतेस काय? रविवारी तो ठाकुर्लीचा फ्लॅट बघायला जातोय. तिथे हेच विचारायचंय."