चकाकीवर जाऊ नका

क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगहून परत आला, की माणसं आधी त्याची चकाकी बघतात. माझ्या थोरल्या भावानेही तेच केलं. उसाच्या वाहतुकीत राबलेल्या त्याच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचं इंजिन आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात उघडलं होतं. ऑइल प्रेशर पडलेलं, शेल बेअरिंगांवर चरे उठलेले. म्हणून क्रँक वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर, अंडरसाइझ करून आणला होता. गळीत हंगाम तोंडावर आलेला. ‘‘झालं की काम! बसवा आता,’’ दादा म्हणाला.

मिस्त्रींनी मायक्रोमीटर काढला. चार मेन आणि तीन बिग एंड अशी सातही जर्नलं, म्हणजे क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, दोन्ही टोकांना, काटकोनात फिरवून मोजली. माप बरोबर, टेपर नाही, ओव्हॅलिटी नाही. दादाच्या मते विषय संपला. मिस्त्रींनी मात्र हात पुसले आणि अंगठ्याचं नख जर्नलवरून आडवं ओढायला सुरुवात केली.

आडवं ओढण्याला कारण आहे. ग्राइंडिंगच्या चाकाच्या रेषा जर्नलभोवती गोल पडतात. त्यांच्या बाजूने नख फिरवलं तर काहीच लागत नाही. कळायचं असेल तर रेषा ओलांडायला हव्यात. नखाला एकही चर अडकला नाही. मग मिस्त्रींनी खिशातून भोकाचा पैसा काढला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 1943पासून निघालेला. त्याची कड प्रत्येक जर्नलवर हलकेच घासली. पाच जर्नलं कोरी राहिली. दोन बिग एंडवर मात्र तांबूस रेघ उमटली. ‘‘हे पैसा खातंय, म्हणजे शेलही खाणार,’’ मिस्त्री म्हणाले.

दादाला ते काही पटेना. दिसायला सातही सारखीच चमकत होती. म्हणून मी मित्राच्या मशीन शॉपमधून रफनेस टेस्टर आणला. त्याची हिऱ्याच्या टोकाची सुई पृष्ठभागावरून सरकते आणि उंचसखलपणाची सरासरी, म्हणजे आरए, आकड्यात सांगते. पाच जर्नलांवर आकडा 0.2 ते 0.25 मायक्रॉन आला. पैसा खाणाऱ्या दोघांवर 0.7. साध्या इंजिनाला 0.4च्या आत चालून जातं. ओझं ओढणाऱ्या डिझेलला 0.25च्या आसपास असलेलं बरं.

‘‘अर्ध्या मायक्रॉननं काय आभाळ कोसळतंय?’’ दादाने विचारलं. प्रश्न रास्त होता. चालू इंजिनात क्रँक बेअरिंगला टेकत नाही, तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. 1883मध्ये इंग्लंडात ब्यूचॅम्प टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडायला पाडलेल्या भोकातून तेल उलट बाहेर येऊ लागलं. भोकात बूच ठोकलं तर तेही बाहेर ढकललं गेलं. फिरता दांडा स्वतःच तेलाचा दाब तयार करतो, हे तेव्हा उघड झालं आणि 1886मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. पण पूर्ण भाराखाली हा पापुद्रा जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा उरतो. आरए ही सरासरी असते, 0.7 आरएच्या ग्राइंडिंगमध्ये शिखरापासून तळापर्यंतचं अंतर तीन-चार मायक्रॉन सहज भरतं. ती शिखरं तेल भेदून शेलच्या मऊ थराला भिडतात. आणि तो थर असतो साधारण वीस मायक्रॉनचा.

त्यातही दिशेची गोम असते. ग्राइंडिंगनंतर धातूची अतिसूक्ष्म कुसं एका बाजूला कललेली राहतात. मांजराच्या पाठीवरून हात शेपटीकडे फिरवला तर मऊ लागतं, उलटा फिरवला की केस उभे राहतात, तसंच हे. म्हणून शेवटचं पॉलिश करताना क्रँक इंजिनात फिरतो त्याच दिशेने फिरवायचा. कास्टिंगच्या क्रँकला हे आणखी कडक पाळावं लागतं, कारण त्यातल्या ग्रॅफाइटच्या गोळ्यांच्या कडांना अशी कुसं जास्त उठतात.

क्रँक परत पाठवला. ग्राइंडरवाल्याने त्या दोन जर्नलांवर पॉलिशचा पट्टा घाईत फिरवला होता, हे त्याने पाहताच ओळखलं. या वेळी मी शेजारी उभा राहिलो. बारीक पट्टा, हलका दाब, क्रँक योग्य दिशेने, काही सेकंदच. जास्त रेटलं तर गोलाई बिघडते, विशेषतः ऑइल होलच्या कडेला. पाच-सहा मायक्रॉन निघाले. पैशाची रेघ उमटली नाही, टेस्टरने 0.22 दाखवलं. माप पुन्हा घेतलं, तेही मर्यादेत होतं.

मग सगळ्यात कंटाळवाणं काम. ऑइल गॅलरीचे प्लग काढून ब्रश आणि रॉकेलने भोकं धुतली. पॉलिशची बुकणी आत राहिली, तर पहिल्या स्टार्टलाच ती तेलाबरोबर थेट बेअरिंगात जाते. दादाने ब्रश हातात घेतला आणि मिस्त्री ‘पुरे’ म्हणेपर्यंत ठेवला नाही.

आता मी क्रँक देताना चिठ्ठीवर मापाखाली एक ओळ जास्त लिहितो: ‘फिनिश 0.25च्या आत, पॉलिश इंजिनाच्या दिशेने.’ पहिल्यांदा ती वाचून ग्राइंडरवाला म्हणाला, ‘‘साहेब, याचे पैसे जास्त पडतील.’’ मी हो म्हटलं. नव्या शेलचा सेट, गॅस्केट आणि ऐन हंगामात उभा राहिलेला ट्रॅक्टर यांच्या हिशोबात ते फारच थोडे होते.