कोवळा भराव

जस्त किंवा सोनं काढून घेतल्यावर खाणीपाशी उरतो दगडाचा पिठासारखा चुरा, टेलिंग्ज. त्यात पाणी आणि साधारण ३ ते ७ टक्के सिमेंट कालवायचं आणि पाइपातून खाली, खणून रिकाम्या झालेल्या पोकळीत, म्हणजे स्टोपमध्ये, सोडायचं. हा पेस्ट फिल. राजस्थानात रामपुरा आगुचाच्या जस्तखाणीत तो वापरतात.

*

चिलीतलं एल कोब्रे, २८ मार्च १९६५. भूकंपात टेलिंग्जचा बांध फुटला, गाळ वस्तीवर आला, दोनशेहून अधिक माणसं गेली. हा माल उघड्यावर साठवण्यापेक्षा खाली गाडलेला बरा, असं म्हणायला मला एवढं पुरे.

*

पण गाडला तरी हादऱ्याचा धोका उरतो. ओला चुरा तळहातावर थापा आणि हाताला बाजूने टपल्या मारा. वर पाणी चकाकू लागतं. बोटाने दाबलं की चकाकी जाते. माती तपासणाऱ्यांची ही जुनी चाचणी. हादऱ्याने कण जवळ सरकू पाहतात. मधल्या पाण्याला निसटायला वाट नसली की भार पाण्यावर येतो आणि घट्ट दिसणारा लगदा वाहू लागतो. हेच द्रवीकरण.

*

सिमेंटने कण धरले की प्रकरण बदलतं. १०० किलोपास्कल दाबशक्ती आली की द्रवीकरणाची भीती फारशी नाही, असा अभियंत्यांचा ढोबळ आडाखा. घराच्या एम-२० काँक्रीटच्या दोनशेवा हिस्सा फक्त! पण सुरुवातीला तेवढीही नसते, आणि टेलिंग्जमध्ये सल्फेट असलं तर ती यायला आणखी उशीर लागू शकतो. म्हणून आधी तळाला जादा सिमेंटचा थर, तो आवळला की वरचा भराव. स्टोपच्या तोंडाशी लगदा अडवणारी भिंत, बॅरिकेड. ते फुटलं तर लगदा थेट माणसांच्या वाटेत.

*

चीनमधलं तांगशान, २८ जुलै १९७६. भूकंपात शहर भुईसपाट, खाली पाळीवर असलेले हजारो कोळसा कामगार मात्र बहुतेक जिवंत वर आले. हादरा खोलवर सहसा कमी असतो. पण खाणीत शेजारच्या स्टोपमधले सुरुंग असतात, आणि त्यांना भूकंपासारखी शंभर वर्षांची उसंत नसते.

*

कॅनडात ओटावा विद्यापीठात ममादू फॉल आणि सहकाऱ्यांनी हा लगदा कंपमेजावर हलवून पाहिला आहे. असं काम आणखी व्हायला हवं.

*

भरावाची २८ दिवसांची दाबशक्ती सगळेच सांगतात. हादऱ्याच्या हिशोबात मला ती दुय्यम वाटते. तिसऱ्या दिवसाचा आकडा मागा, आणि बॅरिकेडमागे पाण्याचा दाब मोजतात का, तेही विचारा.