धीर द्यायचा नाही म्हणून

विमानाच्या भीतीवर उपचार करताना मला सगळ्यात अवघड जातं ते गप्प राहणं. आभासी दृश्याचा हेडसेट चढवलेल्या काकूंना दिसत असते खिडकीजवळची सीट. इंजिनाचा आवाज चढतो, खुर्चीखालचा स्पीकर घुमतो, धावपट्टी मागे पळू लागते. मी समोरच्या पडद्यावर तेच पाहत असते आणि मधूनच विचारते, "काकू, आता किती?" भीतीची शून्य ते शंभर ही मोजपट्टी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पी यांची. "ऐंशी!" खुर्चीचे हात त्यांनी घट्ट आवळलेले. "काही होत नाही हो," हे माझ्या ओठांवर आलेलं असतं. ते मी गिळते.

मी धीर दिला, तर काकूंच्या मनात नोंद होते : डॉक्टर होत्या म्हणून निभावलं. हात आवळणं, पंखावर नजर खिळवणं, चढण्याआधी गोळी घेणं, हे सगळे त्याच जातीचे आधार. विल्हेल्म आणि रॉथ यांच्या १९९७ सालच्या अभ्यासात अल्प्राझोलम ही चिंता कमी करणारी गोळी घेतलेल्या, विमानाला घाबरणाऱ्या स्त्रियांचा पहिला विमानप्रवास सोपा गेला. आठवड्याने गोळीविना केलेल्या प्रवासात मात्र, आधी नकली गोळी घेतलेल्यांपेक्षा त्याच जास्त घाबरल्या.

आभासी विमानाचा उपयोग होतो का, हे पाहणारा बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि सहकाऱ्यांनी अटलांटात केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात आधी चिंता हाताळण्याची सत्रं होती. मग काहींना आभासी विमानात बसवलं, काहींना विमानतळावर उभ्या असलेल्या खऱ्या विमानात. गुण दोन्हींकडे सारखाच आला. पण उभं विमान ढगांत शिरत नाही. माझ्या खोलीतलं विमान तासाभरात कितीदाही उडतं, हवं तितकं हादरतं.

काकूंना छळतात ते हे हादरेच. सुरू करण्याआधी विचारते, "काय होईल असं वाटतं?"

"मी किंचाळेन. दाराकडे धावेन."

हादरे थांबल्यावर विचारते, "धावलात?"

"नाही."

"मग पुन्हा घेऊ या?"

आकडा उतरला तर बरंच, पण माझं लक्ष या "नाही"कडे असतं. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्यासमोर उभा राहील असा स्वतःचा अनुभव काकूंच्या गाठी जमतो.

हादरे कधी वाढवायचे, कधी थांबायचं, हे हेडसेट सांगत नाही. ते काकूंकडे बघूनच ठरवावं लागतं. सत्रं संपण्याआधी मी त्यांना तिकीट काढायला लावते. त्या विमानात मी नसणार. म्हणून माझा आधार इथेच, त्यांच्या देखत, सत्रागणिक कमी करत न्यायला हवा.