अधारतालचा बंगळुरूवाला

मध्य प्रदेशाला आयपीएलमध्ये स्वतःचा संघ नाही, कधी नव्हता. इंदूरच्या होळकर स्टेडियमने कधी कोचीला, कधी पंजाबला काही सामन्यांपुरतं ठेवून घेतलं, तेवढंच. त्यामुळे जबलपूरच्या माणसाला दर मार्चमध्ये अशी एक मोकळीक असते, जी मुंबई-चेन्नईवाल्यांच्या नशिबी नाही. संघ त्याला जन्माने मिळत नाही, तो निवडावा लागतो. शहरातल्या अधारतालच्या एकाच गल्लीत पिवळे, निळे, जांभळे असे सगळे नांदतात. त्यांच्यात एक बंगळुरूचा लाल जर्सीवाला आहे. त्याचं नाव सांगायचं कारण नाही, कारण गल्लीत त्याला ‘आरसीबी’ म्हणूनच हाक मारतात, आणि त्या हाकेत कित्येक वर्षं कीवही मिसळलेली असायची.

घर मराठी. आजोबा नागपूरकडचे. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर, तेव्हा नागपूरहून जबलपूरला नोकरीवर येणं म्हणजे आपल्याच मुलखात फिरणं होतं. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं, आणि अशी शेकडो घरं जिथे होती तिथेच राहून परराज्यातली झाली. नागपूर आजही इथून इंदूरपेक्षा कितीतरी जवळ आहे. पण क्रिकेटची ओढ अंतरावर चालत नाही. वडिलांनी सचिनपायी मुंबई धरली ती धरलीच. मुलाने बंगळुरू धरलं ते विराट कोहलीसाठी, आणि २०२२ नंतर रजत पाटीदारसाठी.

पाटीदार इंदूरचा. २०२२च्या लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. लवनीत सिसोदिया जखमी झाला म्हणून ऐनवेळी बंगळुरूने बोलावलं, आणि २५ मे रोजी ईडन गार्डन्सवर बाद फेरीच्या सामन्यात या बदली खेळाडूने लखनौविरुद्ध ५४ चेंडूंत नाबाद ११२ धावा केल्या. महिनाभरात तोच गडी मध्य प्रदेशासाठी रणजीची अंतिम लढत खेळायला उतरला. समोर मुंबई, आणि मध्य प्रदेशाचा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, म्हणजे अस्सल मुंबईकर. पाटीदारने १२२ केल्या. मध्य प्रदेश पहिल्यांदा रणजी जिंकला. अधारतालच्या या घरात त्या दिवशी बाप-लेकाचा नक्की कोणता संघ जिंकला, हे दोघांनाही धड सांगता येत नव्हतं. बाप मुंबई हरली म्हणून गप्प आणि पंडित जिंकला म्हणून आतून खूश.

तेव्हा १३ फेब्रुवारी २०२५ला पाटीदार बंगळुरूचा कर्णधार झाल्याची बातमी आली, आणि आपल्या आरसीबीवाल्याचा हंगाम त्याच दिवशी सुरू झाला. सामने सुरू व्हायला महिन्याहून जास्त अवकाश होता, पण चाहत्याचं पंचांग वेगळं. त्यात आणखी एक योग जुळून आला होता: हा आयपीएलचा अठरावा हंगाम, आणि कोहलीच्या पाठीवरचा आकडाही अठरा. २००९, २०११ आणि २०१६ अशा तीन अंतिम लढती हरलेल्या संघाच्या माणसाला शकुन शोधायची सवय लागते. तिला हसण्यात अर्थ नाही.

२२ मार्चचा पहिला सामना कोलकात्यात होता. तिकडे कर्णधार अजिंक्य रहाणे. म्हणजे नाणेफेकीला एक मराठी माणूस आणि एक मध्य प्रदेशी, आणि टीव्हीसमोर दोन्ही असलेलं एक घर. रहाणेने ३१ चेंडूंत ५६ केल्या, दहाव्या षटकात कोलकात्याची शंभरी पार झाली, आणि आरसीबीवाल्याने उठून पाणी प्यायलं. मग कृणाल पांड्याने रहाणेला काढलं, वेंकटेश अय्यरचा त्रिफळा उडवला (तोही इंदूरचाच, पावणेचोवीस कोटींचा), रिंकू सिंगलाही परत पाठवलं. १७५चं लक्ष्य बंगळुरूने साडेतीन षटकं राखून गाठलं. पाटीदारच्या १६ चेंडूंत ३४. एवढ्यावर गल्लीत रात्री अकराला मोठमोठ्याने चर्चा सुरू झाली की हा कर्णधार शांत आहे, आणि शांत कर्णधारच कप आणतो. पुरावा एका सामन्याचा.

२८ मार्चला चेन्नई. चेपॉकवर चेन्नईला बंगळुरूने याआधी फक्त २००८मध्ये, पहिल्याच हंगामात हरवलं होतं. त्यानंतर सतरा वर्षं तिथे चेन्नईकडून नुसता मार. या वेळी समोर कर्णधार पुण्याचा ऋतुराज गायकवाड, तो शून्यावर गेला. पाटीदारला झेल सुटल्याची जीवदानं मिळाली, त्यातलं एक राहुल त्रिपाठीकडून. त्याने ५१ केल्या. धोनी नवव्या क्रमांकावर आला, तोवर सामना कधीच संपला होता. पन्नास धावांनी विजय.

आणि रविवारी, ३० मार्चला, गुढीपाडवा.

अधारतालात गुढ्या मोजक्याच दिसतात. आजूबाजूच्या घरांमध्ये त्याच दिवशी चैत्र नवरात्राचे घट बसतात, आणि दोन्हीकडचा प्रसाद दोन्हीकडे जातो. हा भाग मुळात एका तळ्याचा. राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह यांनी ते बांधवलं असं सांगतात, त्यांच्यावरूनच वस्तीला नाव पडलं. पलीकडे १९६४ साली स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय, आणि या दिवसांत शहराबाहेर गव्हाची काढणी. आरसीबीवाल्याने त्या सकाळी गुढी उभारायला वडिलांना मदत केली, कडुलिंबाचं पान चघळलं, आणि मग मोबाईलवर गुणतक्ता उघडून आईला दाखवला. बंगळुरू सगळ्यात वर होतं. दोन सामने, चार गुण. आई म्हणाली, “मागच्या वर्षी कुठे होतं रे हे?” प्रश्न साधा होता, पण दुखरा.

कारण मागच्या वर्षी हे तळाला होतं. २०२४मध्ये पहिल्या आठ सामन्यांत एकच विजय, मग सलग सहा जिंकून बाद फेरीत, आणि तिथे पहिल्याच सामन्यात राजस्थानकडून हार. म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांवर काहीच ठरत नाही हे या माणसाइतकं कुणाला ठाऊक नसेल. २००८च्या राजस्थानने पहिला सामना नऊ गड्यांनी गमावला आणि कप उचलला. २०१४च्या पंजाबने पहिले पाचही जिंकले आणि अंतिम लढत हरली. २०१५च्या मुंबईने पहिले चारही घालवले आणि विजेतेपद घेतलं. हे शेवटचं उदाहरण वडील अजूनही दर एप्रिलला तोंडपाठ म्हणतात, विशेषतः मुंबई हरत असली की.

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या चाहत्यालाही नेमक्या याच दिवसांत हा ताप चढतो. तिथला हंगामही मार्चच्या अखेरीस सुरू होतो, फक्त प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. १९८४च्या डेट्रॉइट टायगर्सने पहिल्या चाळीसपैकी पस्तीस जिंकले आणि वर्ल्ड सिरीजही. १९८७च्या मिलवॉकीने पहिले तेरा सलग जिंकले आणि पुढच्या फेरीतही पोहोचले नाहीत. १९८८च्या बाल्टिमोरने पहिले एकवीस सलग गमावले. आणि २०१९चे वॉशिंग्टन नॅशनल्स पन्नास सामन्यांनंतर १९ विजय, ३१ पराभव अशा खड्ड्यात होते, शेवटी विजेते तेच झाले. तिकडचे जाणकार म्हणून एप्रिलमध्ये सगळ्यांना धीर धरायला सांगतात. आयपीएलच्या माणसाला ते पटणार नाही, आणि त्याचा हिशेब चूक नाही. साखळीत चौदाच सामने. म्हणजे इथल्या एका सामन्याला तिथल्या जवळजवळ साडेअकरा सामन्यांचं वजन. दोन हरले की बेसबॉलच्या भाषेत जवळपास महिना बुडाला. अधारतालमध्ये दोन पराभवांनंतर रात्री एकपर्यंत जो वाद चालतो, तो त्यामुळे अगदीच खुळेपणाचा नसतो.

आणि पराभव आले. तेही घरी. २ एप्रिलला चिन्नास्वामीवर गुजरातने आठ गड्यांनी हरवलं, आणि तीन गडी टिपणारा कोण, तर मोहम्मद सिराज. सात हंगाम बंगळुरूची लाल जर्सी घालून राबलेला, लिलावात सोडून दिलेला. आरसीबीवाल्याला हार लागली की सिराज लागला, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. मत विचाराल तर, सिराजच. चाहता गुण विसरतो, निरोप विसरत नाही.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, ७ एप्रिलला, वानखेडे. घरातली खरी लढत ही. बंगळुरूच्या २२१, त्यात पाटीदारच्या ३२ चेंडूंत ६४ आणि अमरावतीच्या जितेश शर्माच्या १९ चेंडूंत नाबाद ४०. जितेश विदर्भाचा म्हणजे आजोबांच्या मुलखातला. त्यामुळे मुंबईवाले वडीलही त्याच्या षटकारांना मनातल्या मनात दाद देत होते. पुढे तिलक वर्मा आणि हार्दिक पांड्याने सामना असा ओढला की वडील खुर्चीच्या कडेवर आले. शेवटच्या षटकात मुंबईला १९ हव्या होत्या. चेंडू कृणालच्या हातात, हार्दिकच्या थोरल्या भावाच्या. त्याने पहिल्या दोन चेंडूंवर दोन गडी काढले, षटकात एकूण तीन. बारा धावांनी विजय. वानखेडेवर मुंबईविरुद्ध बंगळुरू शेवटचं जिंकलं होतं २०१५मध्ये, एबी डिव्हिलियर्सच्या १३३च्या दिवशी. षटकं संथ टाकली म्हणून पाटीदारला बारा लाखांचा दंड झाला, त्यावर वडिलांची टिप्पणी एवढीच, “बरं झालं.”

मग पुन्हा घर, पुन्हा हार. १० एप्रिलला दिल्लीच्या के. एल. राहुलने नाबाद ९३ केल्या आणि बॅट जमिनीत रोवून दाखवलं की हे मैदान माझं आहे. तो बंगळुरूचाच पोर, त्याचं बोलणं खोटं नव्हतं. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी जयपूरला नऊ गड्यांनी विजय. आणि १८ एप्रिलला पंजाबविरुद्ध पाऊस, चौदा षटकांचा सामना, बंगळुरू ९ बाद ९५. टिम डेव्हिडने एकट्याने पन्नास केल्या म्हणून तेवढे तरी. तारीख पाहून गल्लीतला एक जुना जाणकार हसला. २००८मध्ये याच तारखेला, याच मैदानावर आयपीएलचा पहिला सामना झाला होता. ब्रेंडन मॅकलमच्या नाबाद १५८, आणि बंगळुरू ८२ सर्वबाद.

आता हिशेब विचित्र होता. परगावी चार सामने, चारही विजय. घरी तीन, तिन्ही पराभव. गल्लीत प्रत्येकाकडे कारण होतं: खेळपट्टी मंद झाली आहे, नाणेफेक तिन्ही वेळा हरली, दव पडत नाही, मैदान लहान असून फलंदाज उतावळे. आरसीबीवाल्याचं कारण या कशातच बसत नव्हतं. त्याचं म्हणणं, हा संघ पाहुणा म्हणून बरा खेळतो. हजारभर किलोमीटर लांबच्या संघाला आपला म्हणणारा, स्वतःच्या राज्यात विदर्भाचा आणि विदर्भात जबलपूरचा ठरणारा माणूस असं म्हणतो तेव्हा त्यात नुसतं क्रिकेट नसतं. पण त्याला तसं विचारलं तर तो पुन्हा खेळपट्टीवरच येईल.

२० एप्रिलला मुल्लनपूरला जाऊन पंजाबची परतफेड झाली, पुन्हा परगावी. २४ तारखेला बंगळुरूत राजस्थान. घरच्या मैदानावर २०५ धावा. राजस्थानला शेवटच्या दोन षटकांत १८ हव्या होत्या आणि ध्रुव जुरेल टिकून होता. एकोणिसावं षटक जोश हेझलवूडचं: एक धाव, दोन गडी, त्यात जुरेलही. अकरा धावांनी जिंकले. घरच्या चौथ्या सामन्यात पहिला विजय.

रात्री बाराच्या सुमारास गल्लीतला चेन्नईवाला, ज्याचा संघ तेव्हा तळाशी होता, खालून ओरडला, “अरे आरसीबी, अब तो कप पक्का?” उत्तर लगेच आलं नाही. आरसीबीवाला मोबाईलवर पुढचं वेळापत्रक पाहत होता. २७ एप्रिल, दिल्ली, परगावी.

“पहले दिल्ली निपटने दो,” तो म्हणाला, आणि धावगतीचे आकडे मांडत बसला.