म्हातारा कोण, संगणक की डिस्क?

दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेऊ लागला की घरात निकाल लागतो: हा आता गेला, नवा घ्या. दुकानदारही मान डोलावतो, आणि त्याने का डोलावू नये? पण या निकालात बहुतेक वेळा निरपराधांनाही शिक्षा होते. धूळ साचून तापत नसेल, तर प्रोसेसर दहा वर्षांनीही पहिल्या दिवसाच्याच वेगाने हिशेब करतो. रॅमचंही तेच. रखडते ती हार्ड डिस्क, आणि तीही मुळातच रखडणारी. तिची तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद. हवी ती जागा समोर यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, शिवाय वाचणारं डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेल्या नोंदी अशा रीतीने सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत, आणि विंडोज सुरू होताना मागते त्या नेमक्या अशाच, हजारोंनी. आयबीएमच्या 1956 सालच्या रॅमॅकमध्ये 50 तबकड्यांवर जेमतेम 50 लाख अक्षरं मावत. तेव्हापासून डिस्कची क्षमता लाखो पटींनी वाढली, फिरण्याचा वेग मात्र 1200 वरून 7200, म्हणजे फक्त सहापट. बाकीचा संगणक धावू लागला आणि ही मागे राहिली. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे साधी साटा एसएसडीसुद्धा अशा नोंदी सेकंदाला हजारोंनी वाचते. म्हणून जुन्या यंत्रात एकच गोष्ट बदलायची तर ती डिस्क.

यावर तंत्रज्ञांचा पहिला आक्षेप असा की जुन्या मदरबोर्डवर साटाचा वेग निम्माच मिळतो. खरं आहे, पण तो तोटा मोठी सलग फाइल हलवताना जाणवतो. रोजच्या कामात अडत होतं ते विखुरलेलं वाचन, आणि तिथे फरक प्रचंडच राहतो. एसएसडी लिहून लिहून झिजते, ही भीतीही ताणलेली वाटते. 500 जीबीच्या चांगल्या एसएसडीवर साधारण 300 टीबी लिहिता येईल असं कंपन्या सांगतात. रोज 20 जीबी लिहिलं तरी चाळीस वर्षं लागतील. खरा धोका वेगळाच आहे. हार्ड डिस्क मरण्याआधी पुष्कळदा टकटक करते, अडखळते. एसएसडी अनेकदा काही न सांगता जाते. त्यामुळे बॅकअप आता टाळता येत नाही. जुनी डिस्क आतच ठेवून तिच्यावर एक प्रत आणि घराबाहेर दुसरी, एवढी शिस्त तरी हवी.

सगळ्यात वजनदार आक्षेप सॉफ्टवेअरचा. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला आणि विंडोज 11 जुने प्रोसेसर स्वीकारत नाही. मग खर्च कशाला? ब्राउझर आणि पत्रव्यवहारापुरतं काम असेल तर लिनक्स चालतं. बँकेचे व्यवहार करायचे आणि लिनक्स नको असेल, तर मात्र आक्षेप मान्य. पण मराठी डीटीपीच्या दुकानांत पाहा. युनिकोडपूर्व फॉन्टांत, पेजमेकरमध्ये जुळवलेली पुस्तकं अजून त्याच जुन्या यंत्रांवर उघडतात. तिथे नव्या संगणकापेक्षा जुनाच, इंटरनेट तोडलेला, डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवलेला संगणक जास्त मोलाचा. एरवी मी प्रत काढण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकायचं सुचवेन, नाहीतर दहा वर्षांचा कचराही वेगाने धावू लागतो. इथे मात्र त्या कचऱ्यातच फॉन्ट आणि परवाने आहेत.

मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगलेले असतील, किंवा रॅम 2 जीबीच्या पुढे जातच नसेल, तर डिस्कवर पैसे घालू नयेत. असा डबा रीतसर ई-कचऱ्यात द्यावा, पण आतली डिस्क काढून घेऊन. घाईने मारलेल्या फॉरमॅटने पुसली जाते ती बहुधा फायलींची यादी. फोटो आणि पॅनकार्डाच्या प्रती तिथेच पडून राहतात.